मुष्टियुद्धातील राष्ट्रीय शैली: ठोशांमागचा हिशेब

ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुषांच्या ७१ किलो वजनी गटाची उपांत्यपूर्व लढत झाली, तेव्हा भारताचा निशांत देव पदकापासून अवघ्या एका विजयाच्या अंतरावर होता. समोर मेक्सिकोचा मार्को वेर्दे होता. पहिल्या फेरीत निशांतने अंतर राखून मारलेल्या सरळ ठोशांच्या बळावर आघाडी घेतली. वेर्दे मात्र पुढे येत राहिला. शेवटच्या फेरीपर्यंत निशांतचे हात जड झाले होते आणि पाचपैकी चार पंचांनी मेक्सिकोच्या बाजूने कौल दिला. या निकालाबद्दल भारतात तीव्र नाराजी व्यक्त झाली. त्यानंतर वेर्दे अंतिम फेरीत पोहोचला आणि तेथे उझबेकिस्तानच्या असदखुजा मुयदिनखुजाएवकडून पराभूत झाला.

एकाच वजनी गटातील या दोन निकालांत मुष्टियुद्धाच्या तीन परंपरा एकमेकींसमोर आल्या. भारतीय खेळाडू अशा पद्धतीत वाढला होता की तिच्यावर क्युबाच्या प्रशिक्षणाची गडद छाया आहे. मेक्सिकोची परंपरा व्यावसायिक लढतींच्या तिकीटविक्रीवर पोसलेली, तर उझबेकिस्तानची सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेतून आलेली. निकालाच्या योग्यायोग्यतेचा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. नियम सर्वांना सारखे असताना देशादेशांचे मुष्टियोद्धे इतके वेगळे का लढतात आणि त्या वेगळेपणाचा लढतीवर नेमका काय परिणाम होतो?

शैली कोठून येते?

याचे उत्तर अनेकदा स्वभावात किंवा रक्तात शोधले जाते. मेक्सिकन माणूस शूर म्हणून तो मागे हटत नाही, क्युबन माणूस नृत्यप्रेमी म्हणून त्याचे पाय हलके, असे सांगितले जाते. ऐकायला हे बरे वाटते. परंतु त्यातून फारसे काही उलगडत नाही. शैली घडते ती तीन गोष्टींतून. मुष्टियोद्ध्याच्या पोटापाण्याची व्यवस्था कोण करतो, त्याला लहानपणी कोण शिकवतो आणि त्याच्या ठोशांचे गुण कोणत्या पद्धतीने मोजले जातात. मराठी वाचकांना कुस्तीचे उदाहरण परिचित आहे. मातीत घडलेल्या मल्लाला मॅटवर उतरल्यावर नव्याने शिकावे लागते. ताकद आणि जिद्द तीच राहते, पण खेळाचा हिशेब बदललेला असतो.

क्युबात १९५९ च्या क्रांतीनंतर व्यावसायिक खेळांवर बंदी आली आणि मुष्टियुद्ध शासकीय क्रीडाशाळांच्या हाती गेले. प्रमुख प्रशिक्षक अल्सिदेस सागारा यांनी सोव्हिएत प्रशिक्षकांच्या शास्त्रशुद्ध सरावाची सांगड स्थानिक परंपरेशी घातली. उत्तम खेळाडू व्यावसायिक लढतींकडे निघून जात नसल्याने अनेक वर्षे एकाच चमूत राहत आणि नवोदितांना रोजच्या सरावात ऑलिंपिक विजेते समोर मिळत. तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० मध्ये, तर फेलिक्स सावोनने १९९२, १९९६ आणि २००० मध्ये सुवर्णपदक जिंकले. एकट्या बार्सिलोनात क्युबाने सात सुवर्णपदके मिळवली. या शैलीचे सूत्र साधे होते. पुढचा हात लांब ठेवून अंतर ताब्यात घ्यायचे, प्रतिस्पर्ध्याचा ठोसा हुकवायचा, त्याच क्षणी उत्तर द्यायचे आणि त्याच्या पल्ल्याबाहेर निघून जायचे.

सोव्हिएत परंपरेत भर होता तो पायांच्या लयीवर. लहान उड्यांनी आत-बाहेर होत राहायचे, जेणेकरून ठोसा कोणत्या पावलावर येणार हे समोरच्याला कळू नये. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर हा वारसा युक्रेन, रशिया, कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात विभागला गेला. २००४ ते २०१६ या काळात सलग चार ऑलिंपिकमध्ये ६९ किलो गटाचे सुवर्णपदक कझाकस्तानने जिंकले आणि चारही वेळा विजेता वेगळा होता. अर्ताएव, सार्सेकबाएव, सापिएव आणि येलेऊसिनोव ही चार नावे पाहिली की एखाद्या असामान्य खेळाडूपेक्षा त्यामागची व्यवस्था ठळकपणे दिसते.

मेक्सिकोची गोष्ट निराळी. तेथील गरीब वस्त्यांतला मुलगा कोवळ्या वयातच पैशासाठी रिंगणात उतरतो. हुलिओ सेसार चावेस सतराव्या वर्षी, तर साउल 'कानेलो' अल्वारेस पंधराव्या वर्षी व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. त्यांचे मानधन प्रेक्षकांच्या तिकिटांतून येते आणि प्रेक्षकाला भिडणारा योद्धा हवा असतो. शिवाय व्यावसायिक लढत दहा-बारा फेऱ्यांची असते. त्यामुळे सुरुवातीला बरगड्यांवर आणि यकृतावर मारलेल्या ठोशांचे फळ शेवटच्या फेऱ्यांत मिळते. डाव्या हाताचा यकृतावरचा हुक ही मेक्सिकोची ओळख झाली ती यामुळे. तीन फेऱ्यांच्या ऑलिंपिक लढतीत मात्र हे फळ पदरात पडेपर्यंत लढतच संपते. इतके व्यावसायिक जगज्जेते देणाऱ्या मेक्सिकोच्या नावावर मुष्टियुद्धाची केवळ दोनच ऑलिंपिक सुवर्णपदके आहेत आणि ती दोन्ही १९६८ मध्ये मायदेशी मिळालेली आहेत.

दोन सेकंद

दोन शैली भिडल्या की काय घडते, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण १७ मार्च १९९० रोजी लास वेगासमध्ये पाहायला मिळाले. एका बाजूला चावेस, तर दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचा मेल्ड्रिक टेलर, १९८४ चा ऑलिंपिक विजेता. टेलरच्या हातांचा वेग विलक्षण होता. फेरीमागून फेरी तो चावेसपेक्षा अधिक ठोसे मारत राहिला. बारावी फेरी सुरू झाली तेव्हा दोन पंचांच्या तक्त्यावर त्याची आघाडी इतकी मोठी होती की केवळ उभे राहणेही त्याला पुरेसे होते.

परंतु तक्त्यावर न दिसणारा दुसरा हिशेबही चालू होता. चावेसचे ठोसे संख्येने कमी असले तरी वजनदार होते. टेलरचा चेहरा सुजला होता, तोंडातून रक्त येत होते, पाय मंदावले होते. शेवटच्या काही सेकंदांत चावेसचा उजवा ठोसा बसला आणि टेलर खाली पडला. तो उठला, पण पंच रिचर्ड स्टील यांनी विचारलेल्या प्रश्नाला त्याच्याकडून स्पष्ट उत्तर मिळाले नाही. त्यांनी लढत थांबवली तेव्हा घड्याळात दोन सेकंद शिल्लक होते.

स्टील यांच्या निर्णयावर आजही वाद होतो. शैलीच्या दृष्टीने मात्र ही लढत नेमके काय सांगते ते स्पष्ट आहे. टेलर ऑलिंपिकच्या हिशेबाने जिंकत होता, तर चावेस बारा फेऱ्यांच्या हिशेबाने. शिवाय टेलर केवळ वेगावर विसंबून अंतर राखण्याऐवजी जवळ थांबून ठोसेबाजी करत राहिला, म्हणजेच चावेसला हवी तीच लढत त्याने त्याला दिली. पुढच्या वर्षी टेलरने वरच्या वजनी गटात जागतिक विजेतेपद मिळवले, पण पूर्वीचा वेग त्याच्यात पुन्हा दिसला नाही. शैलीची किंमत शेवटी मुष्टियोद्ध्याचे शरीर मोजते, ही गोष्ट गुणतक्त्यांच्या चर्चेत अनेकदा विसरली जाते.

कळ दाबण्याचे युग

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स याने अंतिम लढतीत कोरियाच्या पार्क सी-हून याच्यावर उघड वर्चस्व गाजवूनही निकाल पार्कच्या बाजूने लागला. या प्रकरणानंतर पंचांच्या मनमानीला आळा घालण्यासाठी संगणकीय गुणपद्धती आणण्यात आली. पाचपैकी किमान तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत एकाच खेळाडूची कळ दाबली, तरच ठोशाचा गुण धरला जाई. १९९२ ते २०१२ अशी सहा ऑलिंपिक याच पद्धतीने झाली.

या यंत्राने पंचांना शिस्त लावली की नाही हा वादाचा मुद्दा आहे. मुष्टियोद्ध्यांना मात्र त्याने निश्चितच बदलले. डोक्यावर बसलेला स्वच्छ, सरळ ठोसा तिघांना एकाच वेळी दिसतो. जवळून पोटावर मारलेला ठोसा एखाद्यालाच दिसतो. पाठोपाठ मारलेल्या चार ठोशांचा गुणही बहुधा एकच मिळे. साहजिकच दुरून एकेक नेमका ठोसा मारणारे आणि आघाडी मिळताच मागे सरून ती राखणारे खेळाडू यशस्वी ठरले. क्युबा आणि पूर्व युरोपातील देश या खेळात तरबेज होते. १९९६ मध्ये अटलांटात फ्लॉइड मेवेदर याला बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोव याने उपांत्य फेरीत १०-९ असे हरवले. अमेरिकेचा निषेध फेटाळला गेला. तोच मेवेदर पुढे व्यावसायिक मुष्टियुद्धात सलग ५० लढती जिंकून अपराजित राहिला. अमेरिकी पुरुषांना २०१२ मध्ये लंडनमध्ये एकही पदक मिळाले नाही. तेथील व्यायामशाळांत मुलांना व्यावसायिक रिंगणासाठी घडवले जात होते आणि ऑलिंपिकचे यंत्र वेगळेच काही मोजत होते.

२०१३ मध्ये ही पद्धती रद्द झाली. प्रत्येक फेरीच्या विजेत्याला १० गुण देण्याची, व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या वळणाची पद्धती आली आणि पुरुषांच्या डोक्यावरील संरक्षक शिरस्त्राणही गेले. आता एकेका ठोशाऐवजी संपूर्ण फेरीवर कोणाची छाप पडली ते पाहिले जाऊ लागले. पुढे जाणाऱ्याला, ठोशांची मालिका रचणाऱ्याला आणि फेरीचा शेवट जोरात करणाऱ्याला त्याचा लाभ झाला. हा बदल सर्वांत लवकर उझबेकिस्तानने आत्मसात केला, असे निकालांवरून दिसते. त्यांच्या मुष्टियोद्ध्यांनी सोव्हिएत पदलालित्य सोडले नाही. त्यात दाब आणि सलग ठोसेबाजीची भर घातली. रिओत त्यांनी तीन सुवर्णपदके जिंकली, तर पॅरिसमध्ये पुरुषांच्या सात गटांपैकी पाच गटांत सुवर्णपदक पटकावले. क्युबाच्या वाट्याला तेथे एक सुवर्ण आणि एक कांस्य आले. अनेक नामवंत खेळाडूंनी देश सोडल्याचा फटकाही क्युबाला बसला होता. अखेर २०२२ मध्ये त्या देशाने आपल्या मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक लढतींची मुभा दिली आणि त्यांची पहिली व्यावसायिक लढत झाली ती मेक्सिकोत.

शिक्क्यांना छेद देणारे

राष्ट्रीय शैलीचे हे वर्णन मर्यादेपलीकडे ताणणेही योग्य ठरणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये लास वेगासमध्ये कानेलो अल्वारेस आणि कझाकस्तानचा गेन्नादी गोलोवकिन समोरासमोर आले. आपण 'मेक्सिकन शैली'त लढतो असे गोलोवकिन अभिमानाने सांगत असे. त्या रात्री कझाक मुष्टियोद्धा सतत पुढे जात राहिला आणि मेक्सिकन मुष्टियोद्धा दोरांजवळून डोके हलवत प्रतिठोसे मारत राहिला. एका पंचाने कानेलोच्या बाजूने ११८-११०, दुसऱ्याने गोलोवकिनच्या बाजूने ११५-११३, तर तिसऱ्याने ११४-११४ असे गुण दिले आणि लढत बरोबरीत सुटली. दाब मोजायचा की नेमकेपणा, यावर रिंगणाशेजारी बसलेल्या तिघांचेही एकमत नव्हते.

मेक्सिकोच्याच हुआन मानुएल मार्केसने फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी चार लढती केल्या त्या थंड डोक्याच्या प्रतिहल्ल्याच्या बळावर. २०१२ च्या चौथ्या लढतीत पॅकियाओ झेपावत असताना मारलेल्या एकाच ठोशाने त्याने सामना संपवला. ब्रिटनमध्ये सरळ ताठ उभे राहून डाव्या जॅबने लढण्याची जुनी परंपरा आहे. पण शेफील्डच्या ब्रेंडन इंगल यांच्या व्यायामशाळेतून हात खाली सोडून लढणारा नसीम हमेद घडला. राष्ट्रीय शैलीपेक्षा गुरू आणि तालीम यांचे घराणे अनेकदा अधिक प्रभावी असते.

भारताचा प्रश्न

भारतीय मुष्टियुद्ध दीर्घकाळ सेनादलांच्या आश्रयाने वाढले. १९६६ आणि १९७० च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकणारे हवा सिंग लष्करातच होते. आजही पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट हे मुष्टियुद्धाचे एक प्रमुख केंद्र आहे. १९९० च्या सुमारास क्युबाचे प्रशिक्षक ब्लास इग्लेसियास फर्नांडिस भारतात आले. राष्ट्रीय प्रशिक्षक गुरुबक्षसिंग संधू यांच्याबरोबर त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ भारतीय मुष्टियोद्ध्यांना घडवले. २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले. उंच खेळाडूंनी अंतर राखावे, सरळ ठोसे मारावेत आणि गुण घेऊन बाहेर पडावे, ही शिकवण संगणकीय पद्धतीला अनुरूप होती. २००८ मध्ये बीजिंगमध्ये विजेंदर सिंगने भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते याच घडणीतून. उपांत्य फेरीत त्याला ८-५ असे रोखणारा एमिलिओ कोरेआ क्युबाचाच होता. भिवानीच्या मुष्टियुद्ध क्लबमधील तरुण आणि मणिपूरचे कमी वजनाचे, चपळ खेळाडू यांच्या शैली भिन्न असल्या तरी गुणांचे गणित दोघांचेही तेच होते.

डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय संघटनेला निलंबित केले. लगेच २०१३ मध्ये नियम बदलले. जगभरचे प्रशिक्षक नव्या पद्धतीशी जुळवून घेत होते, तेव्हा भारतीय मुष्टियुद्ध कारभाराच्या गोंधळात अडकलेले होते. एक संघटना गेली, दुसरी आली, तीही टिकली नाही. स्थिर महासंघ अस्तित्वात आला तो २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिक संपल्यानंतर. लंडनला भारताचे आठ मुष्टियोद्धे गेले होते. रिओला तिघेच गेले. त्या तिघांपैकी शिवा थापाला क्युबाच्या रोबेसी रामिरेसने, तर मनोज कुमार आणि विकास कृष्णन यांना उझबेकिस्तानच्या खेळाडूंनी पराभूत केले. नियमबदलाच्या नेमक्या वेळी गमावलेली ही चार वर्षे किती महाग पडली, हे त्या निकालांतून दिसते.

त्यानंतर सुधारणा झाली नाही असे नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अमित पंघलने रिओचा सुवर्णविजेता हसनबॉय दुस्मातोव याला हरवले. २०२३ च्या ताश्कंद येथील जागतिक स्पर्धेत भारतीय पुरुषांनी तीन कांस्यपदके मिळवली. टोकियोत लवलीना बोरगोहेनने कांस्यपदक जिंकले. पॅरिसमधून मात्र सहाही मुष्टियोद्धे रिकाम्या हाती परतले. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूल येथील जागतिक स्पर्धेत जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण, हवा सिंग यांची नात नूपुर शेरॉन हिने रौप्य, तर पूजा राणीने कांस्यपदक पटकावले. चारही पदके महिलांची होती आणि त्यांपैकी जास्मिनचा ५७ किलो हा एकच गट ऑलिंपिकमध्ये आहे. पुरुषांच्या हाती तेथे काहीही लागले नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धाचा समावेशही काही काळ अनिश्चित होता. मार्च २०२५ मध्ये ती अनिश्चितता संपली. आता प्रश्न उरतो तो तयारीचा. उझबेक शैलीची नक्कल करणे हे त्याचे उत्तर नाही. उझबेकिस्ताननेही आपला वारसा टाकून न देता त्यात नव्या हिशेबाची भर घातली. भारतीय मुष्टियोद्ध्यांकडे पल्ला आहे, सरळ ठोसे आहेत, अंतराची जाण आहे. उणीव आहे ती जवळच्या अंतरावर टिकून राहण्याची, शरीरावर ठोसे मारण्याची आणि आघाडी असतानाही तिसरी फेरी जिंकण्याची. पहिल्या फेरीतील आघाडी पुढच्या दोन फेऱ्यांत राखत बसण्याची सवय जुन्या पद्धतीत पदके देत होती. नव्या पद्धतीत प्रत्येक फेरीचा हिशेब नव्याने सुरू होतो.

ही सवय राष्ट्रीय शिबिरात आलेल्या पंचविशीतल्या खेळाडूला बदलता येत नाही. ती जिल्हा पातळीवरच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या सरावात रुजावी लागते आणि त्यासाठी त्या मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांपर्यंत नवे नियम केवळ कागदावर नव्हे, तर सरावाच्या रूपाने पोहोचावे लागतात. अन्यथा शेवटच्या तीन मिनिटांत मंदावलेल्या हातांचे जे दृश्य पॅरिसमध्ये दिसले, ते लॉस एंजेलिसमध्येही पाहण्याची वेळ येऊ शकते.